स्लॅबच्या दिवशीची हजेरी

धनकवडीतली एक चार मजली इमारत गेल्या वर्षी पुनर्विकासासाठी पाडली. मी मुद्दाम बघायला गेले, कारण तिचा तिसरा स्लॅब १९९८ साली माझ्या देखरेखीखाली भरला होता. ब्रेकरवाल्या मुलाला विनवून मी त्या स्लॅबचा एक तुकडा मागून घेतला, वरच्या अंगापासून खालच्या अंगापर्यंत पूर्ण जाडीचा. पिशवीत घालून घरी आणला, छिन्नीनं त्याची एक बाजू ताजी फोडली आणि तिच्यावर फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारला.

जुन्या इमारतींच्या तपासणीत आम्ही हे नेहमी करतो. काँक्रीट निरोगी असेल तर या रसायनानं ते गडद गुलाबी होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरून त्याचा क्षारगुण गेला असेल तर रंग चढतच नाही, आणि मग तिथल्या लोखंडाला गंजापासून वाचवणारं काही उरलेलं नसतं. माझ्या तुकड्यावर मधोमध जेमतेम दोन बोटं रुंद गुलाबी पट्टा उठला. वरखाली सगळं राखाडी. खालच्या अंगाची आठ मिलिमीटरची सळई गंजाचे पापुद्रे झटकल्यावर पाच मिलिमीटरही भरली नाही.

मला धक्का बसला नाही. त्या स्लॅबचं काय चुकलं ते मला २६ वर्षं ठाऊक होतं. पाणी जास्त झालं होतं.

तो तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे. हे त्याच्यासमोर बसूनच लिहिते आहे.

मी तेव्हा २२ वर्षांची होते. पुण्यात येऊन वर्ष झालं होतं. स्लॅबचा दिवस म्हणजे साइटवरचा सणच असतो. मुकादम मिक्सरपुढं नारळ फोडतो, गुलाल-हळद लागते, रात्री ठेकेदाराकडून सगळ्यांना जेवण असतं. मिक्सरपासून वर स्लॅबपर्यंत चाळीस-पन्नास माणसं ओळीनं उभी राहतात आणि घमेली हातोहात वर चढत जातात. त्यात निम्म्या बायका. त्यांची तान्ही पोरं खाली सेंटरिंगच्या टेकूंना बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत निजलेली. आज आठवलं की अंगावर काटा येतो, कारण वर ओलं काँक्रीट पडत असताना त्या टेकूंवर सगळा भार असतो. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. सगळीकडे तसंच असायचं.

मिक्सरवर यादगीरकडचा एक माणूस होता. चाळिशीचा, बोलायला कमी. पाण्याच्या बाबतीत त्याचा हात फार पक्का होता. गोणीमागं ठरलेला डबा, वाळू ओली आली तर त्यातही कमी. मी पुस्तकात शिकले होते की ५० किलोच्या गोणीला २५ लिटरच्या आसपास पाणी पुरतं. त्याहून एकेक लिटर वाढत गेला की ताकद उतरत जाते. जास्तीचं पाणी पुढं उडून जातं आणि जाताना आपल्या जागी बारीक पोकळ्या सोडून जातं. त्याच वाटेनं मग हवा आणि ओल आत शिरते. त्यानं हे कुठं वाचलं नव्हतं. माल फावड्यावरून कसा घसरतो एवढं बघून त्याला कळायचं.

दुपारी तीनच्या सुमाराला सिंहगडाकडून ढग वर आले. अर्धा स्लॅब बाकी होता. माणसं दमली होती, घट्ट माल पसरायला वेळ लागत होता. ठेकेदाराचा सुपरवायझर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मॅडम, माल जरा सैल करायला सांगा, पाऊस यायच्या आत उरकून टाकू." मी मिक्सरवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "म्याडम, पातळ झालं तर खडी खाली बसतंय." मी म्हटलं, "बसू दे. सोड पाणी."

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि डबा उचलला.

साडेपाचला स्लॅब पुरा झाला. पाऊस आलाच नाही.

चाचणीचे क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, सकाळच्या मालाचे भरून ठेवले होते. दुपारनंतरच्या मालाचा एकही भरला नाही. २८ दिवसांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला तो उत्तम होता, तो फाइलला लागला. खरं तर पुढचे दहा दिवस स्लॅबवर वाफे करून पाणी साठवून ठेवायला हवं होतं. टँकर परवडत नाही म्हणून चौथ्या दिवसापासून वाफे कोरडे पडले. त्या फाइलवर सही माझी आहे.

ती इमारत पडली नाही, हे आवर्जून सांगते. २६ वर्षं तिथं माणसं राहिली, त्यांच्या पोरांची लग्नं त्याच पत्त्यावरून झाली. छताचे पोपडे पडत राहिले, बाथरूमखालच्या घरात ओल येत राहिली, दर दोन-तीन वर्षांनी प्लॅस्टर होत राहिलं. आपल्याकडे कोसळलेल्या इमारतीची बातमी होते. साठ वर्षं टिकायची ती पंचविशीतच थकली, याची बातमी होत नाही. एका कारकुनानं वीस वर्षं हप्ते फेडून घर घ्यावं आणि हप्ते संपता संपता ते घर 'धोकादायक' ठरावं, ही चोरी आहे असंच मी मानते. त्या चोरीत माझाही हात होता.

आणि त्या मिक्सरवाल्याचं नाव मला माहीत नाही. विसरले असं नाही, तेव्हाही माहीत नव्हतं. ठेकेदाराच्या वहीत रोज 'मिक्सर २, बिगारी १८, बाया १६' एवढंच लिहिलेलं असायचं.

बांधकामाला शिस्त लावायची म्हणजे काय करायचं, हा विचार मी गेली कित्येक वर्षं करते आहे आणि दर वेळी त्या वहीपाशीच येऊन थांबते. असं का, ते सांगायला मला माझ्या गावाकडे जावं लागेल.

मी औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली तेव्हा मी १७ वर्षांची होते. आदल्या रात्रीच गणपतीचं विसर्जन झालं होतं. आमचं गाव किल्लारीपासून जरा लांब, म्हणून आमचं घर तडकलं पण उभं राहिलं. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत सुमारे दहा हजार माणसं गेली. साडेसहा रिश्टरच्या आतला तो धक्का. एवढ्या धक्क्यात एवढी माणसं मरतात ती घरांमुळे. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत न गुंतलेले, वर लाकडी माळवद आणि त्याच्यावर गारव्यासाठी, गळती थांबवण्यासाठी पिढ्यान् पिढ्या चढवत गेलेली माती. ती माती माणसांच्या अंगावर आली. माझ्या आजीच्या माहेरच्या घरातलं कुणी वाचलं नाही.

पुढं जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झालं. सगळ्यात जास्त पडलेली गावं नव्या जागी वसवली, ती सगळ्यांना माहीत आहेत. पण त्याहून कितीतरी मोठं काम हजारावर गावांत झालं, तिथं लोकांनी आपली घरं आपणच दुरुस्त केली किंवा नव्यानं बांधली. सरकार पैसे हप्त्या-हप्त्यानं द्यायचं, एक टप्पा नीट झाला की पुढचा हप्ता. आणि गावागावांतल्या महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' नेमलं होतं. माझी काकू त्यांतली एक. शिक्षण सातवी. चौकटींच्या वरून घराला चारी बाजूंनी लोखंड घातलेला काँक्रीटचा पट्टा हवा, कोपऱ्यात भिंती एकमेकींत शिवल्यासारख्या गुंतायला हव्यात, वीट भिजवल्याशिवाय लावायची नाही, हे तिला शिकवलं गेलं आणि ते तिनं असं धरून ठेवलं की गावातले गवंडी तिला बघून कोरड्या विटा झाकून ठेवायचे. गवंड्यांनाही शिकवलं जात होतंच. पण काकू रोज तिथं जायची, हे महत्त्वाचं. काम चालू असताना जायची. ज्याचं घर त्याची बायको तिच्यासोबत असायची. पट्टा भरताना लोखंड कमी दिसलं तर दोघी तिथंच पदर खोचून उभ्या राहायच्या.

पुण्यात आल्यावर मला जी व्यवस्था दिसली तिच्यात काकू कुठंच नव्हती. कागद मात्र भरपूर होते. बांधकाम परवाना, जोते तपासणी, भोगवटा प्रमाणपत्र. एका दाखल्यावर जोत्यापर्यंतचं काम नकाशाप्रमाणे आहे हे कळतं, दुसऱ्यावर इमारत वापरायला योग्य आहे हे कळतं. या दोन दाखल्यांच्या मध्ये घराचा जीव घडतो. स्लॅब भरायचे पाच-सहा तास आणि पाणी मारायचे आठ-दहा दिवस. त्या वेळात तिथं कोण होतं, त्याला काय येत होतं, तो 'नाही' म्हणाला तर त्याचं कुणी ऐकणार होतं का, याची कुठल्याही कागदावर जागा नव्हती.

२०१६ साली घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी रेराचा कायदा आला आणि १ मे २०१७ पासून पुरता लागू झाला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. आजही मी त्या कायद्याची बाजू घेऊन भांडते. घर घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशांतला ७० टक्के पैसा त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायचा. करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांवर रक्कम घ्यायची नाही. विक्री चटई क्षेत्रावरच. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरनं पदरमोड करून दुरुस्त करून द्यायचा. ज्यांनी मोफाच्या, म्हणजे सदनिकांच्या जुन्या राज्य कायद्याच्या काळात घरं घेतली आणि 'सुपर बिल्टअप' या शब्दाखाली जिना, लिफ्ट आणि हवेचेही पैसे मोजले, त्यांना या ओळींची किंमत कळेल. आता जाहिरातीतला क्यूआर कोड मोबाईलवर धरला की प्रकल्पाची कुंडली समोर येते. माझ्या धाकट्या भावानं वाकडला घर घेतलं तेव्हा तीन रात्री बसून आम्ही तीन प्रकल्पांच्या कुंडल्या वाचल्या.

पण त्या कुंडलीत मी जे शोधत होते ते सापडलं नाही. खात्यातून पैसे काढायला तीन सह्या लागतात. काम किती टक्के झालं ते वास्तुविशारद सांगतो, खर्च किती झाला ते अभियंता सांगतो, हिशेब जुळतो हे सनदी लेखापाल सांगतो. महारेरानं, म्हणजे राज्यातल्या रेरा प्राधिकरणानं, पुढे गुणवत्तेचाही दाखला मागितला, तो चांगला पायंडा आहे. मात्र तो देणारा अभियंता प्रकल्पाचाच असतो. १९९८ साली असा दाखला मागितला असता तर तो मी दिला असता. खोटं बोलतो आहोत असंही मला वाटलं नसतं. सकाळचे क्यूब पास झालेच होते की!

सही करणाऱ्याचं पोट ज्याच्या हाती, त्याच्याच कामावर त्याची सही, ही गाठ सोडवल्याशिवाय कुठलाही नवा दाखला जुन्या फाइलीत आणखी एक पान घालतो, एवढंच. वकिलांसाठी १९६१ चा कायदा आहे, वास्तुविशारदांसाठी १९७२ चा. डॉक्टरची नोंदणी रद्द होऊ शकते. ज्याच्या सहीवर चाळीस कुटुंबं डोक्यावर छप्पर घेऊन झोपतात त्या अभियंत्याच्या व्यवसायासाठी संसदेनं केलेला तसा कायदा नाही. महापालिका आपापल्या परीनं परवाने देतात, तेवढाच धाक. माझ्यासारख्या कोवळ्या इंजिनिअरनं त्या दुपारी 'नाही' म्हटलं असतं तर तिच्या पाठीशी उभं राहणारं कुणी नव्हतं, आणि 'हो' म्हटल्यावर तिला जाब विचारणारंही कुणी नव्हतं. मला वाटतं, तपासणारा अभियंता नियामकानं आपल्या यादीतून नेमावा, त्याचं मानधन त्या ७० टक्क्यांच्या खात्यातून थेट जावं, आणि क्यूब कधी भरायचे ते त्यानं न सांगता येऊन ठरवावं. यात फार मोठा खर्च नाही. एका सदनिकेतल्या मॉड्युलर किचनचे जेवढे पैसे होतात तेवढ्यात पूर्ण इमारतीची अशी तपासणी बसते असा माझा अनुभव आहे.

हे झालं कायद्याच्या आतल्या बांधकामाचं. भूखंड ५०० चौरस मीटरच्या आत, म्हणजे जेमतेम पाच गुंठे असेल, किंवा सदनिका आठच असतील, तर रेराची नोंदणी लागत नाही. आणि आपल्या शहरांच्या कडेला सगळा कारभार गुंठ्यातच चालतो. एक गुंठा घ्यायचा, सातबाऱ्यावर दहा जणांची नावं, चार मजले चढवायचे. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला अशीच एक बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसं मेली. वर मजले चढत होते आणि खालच्या मजल्यांवर बिऱ्हाडं राहायला आलेली होती. काँक्रीट बाळसं धरायच्या आत त्याच्यावर पुढचा मजला. त्यानंतर निलंबनं झाली, अटका झाल्या, आणि पुढं कुठली तरी तारीख ठरवून 'या तारखेपर्यंतची बांधकामं नियमित' अशी घोषणा होण्याची आपल्याकडची पद्धत चालूच राहिली. गुंठेवारीचा कायदा २००१ चा. २०२१ साली त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली. राहत्या माणसाला बेघर करू नये हे मलाही पटतं. पण नियमित करताना दंड मोजला जातो, काँक्रीटला कुणी हातोडा लावून बघत नाही. शुल्क भरल्यानं सळईचा गंज निघत नाही.

गुंठ्यावर आयुष्याची पुंजी लावणारा कंपनीतला कामगार मला गुन्हेगार वाटत नाही. परवान्याच्या खिडकीशी त्याला कुणी उभं करत नाही, आणि चोख घर त्याच्या पगारात बसत नाही. त्याच्यापर्यंत पोचायचं तर काकूसारखीच माणसं हवीत. वस्तीतली, थोडं शिकवलेली, रोज ये-जा करणारी, कॉलमच्या उभ्या सळयांना आवळणारी रिंग टोकाशी आत वळवली आहे का ते बघणारी. २००१ च्या भूजच्या भूकंपात तिथून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत खाली पार्किंग सोडलेल्या इमारती बसल्या. कॉलमच्या रिंगांची टोकं नुसती काटकोनात मुडपलेली असली तर धक्क्यात ती उघडतात आणि आतल्या उभ्या सळया फुगून बाहेर येतात. टोक १३५ अंशात आत वळवायला बारबेंडरला एका रिंगमागं दोन-चार सेकंद जास्त लागतात. पण त्याला मजुरी टनावर मिळते, त्या सेकंदांची मिळत नाही. कुणी त्याला कारणही सांगितलेलं नसतं.

आता मी त्या वहीकडे परत येते.

२९ जून २०१९ ला कोंढव्यात एका सोसायटीची कुंपणभिंत पावसात शेजारच्या साइटवरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली. १५ माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. बहुतेक जण बिहारचे. त्यानंतरच्या तीन-चार दिवसांतच पुण्यात आंबेगावला आणि मुंबईत मालाडला अशाच भिंती पडल्या. मी तेव्हा उंड्रीला राहत होते, कोंढवा हाकेच्या अंतरावर. सकाळी तिथं गेले तेव्हा पोलिसांचं पहिलं काम चाललं होतं ते नावं जुळवण्याचं. किती माणसं झोपली होती? कोण कोण? पत्रे उचलणारे उचलत होते आणि बाजूला उभे असलेले मजूर बोटांवर मोजत आठवत होते. एक जण काल रात्रीच गावाहून आला होता, त्याचं नाव कुणालाच नीट सांगता येईना. मला मिक्सरवाला आठवला. तिथून घरी येईपर्यंत मला रस्ता दिसत नव्हता.

कायदा १९९६ पासून होता. बांधकाम मजुरांना कामाच्या ठिकाणी मोफत तात्पुरती राहायची सोय, पन्नासहून जास्त बायका असतील तर पाळणाघर, उंचीवर सुरक्षापट्टा, सगळं त्यात लिहिलेलं. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर गोळा होतो. २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं या उपकराच्या पैशांचा हिशेब निकालपत्रात मांडला. देशभरात ३७ हजार कोटींहून जास्त रुपये जमा आणि खर्च साधारण साडेनऊ हजार कोटी, त्यातही काही पैशांतून लॅपटॉप आणि धुलाई यंत्रं घेतली गेलेली. ते वाचून मी निकालपत्र मिटून ठेवलं आणि दोन दिवस पुन्हा उघडलं नाही.

पैसा मजुरापर्यंत का पोचत नाही? हा पैसा वाटणाऱ्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नाव नोंदवायचं तर गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. हा दाखला ठेकेदार देत नाही. कारण दाखला दिला की तो माणूस आपल्याकडे होता हे मान्य करावं लागतं. मग किमान वेतन आलं, अपघाताची भरपाई आली. म्हणून वहीत 'बिगारी १८'. आज इथं, उद्या दुसऱ्या साइटवर, परवा वारज्याच्या मजूर अड्ड्यावर सकाळी आठला डबा घेऊन उभं. तीस वर्षं शहर बांधणाऱ्याकडे ९० दिवसांचा कागद नसतो, आणि कधी बांधकामावर न गेलेल्याला एजंटाकडून तो मिळतो असं मजूरच सांगतात.

आपण घर घेणाऱ्यासाठी एक कायदा केला आणि घर बांधणाऱ्यासाठी दुसरा, आणि दोघांची गाठ कुठं घातलीच नाही. पण एकाच माणसाच्या हातात दोघांचं भलं असतं. ज्याचं नाव लिहिलेलं नाही त्याला शिकवायचा खर्च कोण करणार? शिकवलं तरी तो पुढच्या स्लॅबला असेल याचा भरवसा काय? आणि ज्याला उद्या 'येऊ नको' म्हणायला अर्धा शब्द पुरतो, तो इंजिनिअर बाईला तोंडावर सांगेलच कसा की पाणी जास्त होतंय? माझ्या मिक्सरवाल्यानं तरीही सांगितलं होतं. त्याला काही अधिकार असता, त्या दिवसाच्या कागदावर त्याचंही नाव आणि अंगठा लागणार असता, तर माझं 'सोड पाणी' तिथंच अडलं असतं. धनकवडीतली ती इमारत आज उभी असती असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

सध्या मी एका सोसायटीच्या स्वयंपुनर्विकासाचं, म्हणजे बिल्डरशिवाय स्वतःच इमारत नव्यानं बांधण्याचं काम बघते. बत्तीस कुटुंबं आहेत. ठेकेदाराशी करार करताना मी एक वही घालून घेतली. प्रत्येक स्लॅबला एक पान. गाडी प्लांटवरून किती वाजता निघाली आणि साइटवर किती वाजता रिकामी झाली. आता तयार काँक्रीट येतं खरं, पण ते दोन तासांत पडायला हवं. कात्रजच्या कोंडीत गाडी अडकली की माल आवळतो आणि ड्रायव्हरचा हात पाण्याच्या टाकीकडे जातो. पाण्याचा मोह तोच आहे, फक्त मिक्सरला चाकं आली. मग स्लंप किती, म्हणजे साचा उचलल्यावर ओला माल किती खाली बसला, क्यूब कोणत्या गाडीतून आणि किती वाजता भरले. रहिवाशांपैकी दोघं पाळीनं हजर, त्यांच्या सह्या. एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांनी स्लंपचा साचा हाताळायला शिकून घेतलं आहे आणि माल जास्त बसला की त्या गाडी परत पाठवतात. पहिल्यांदा पाठवली तेव्हा प्लांटवरून मला फोन आला, दुसऱ्यांदा आला नाही.

आणि पानाच्या खालच्या अर्ध्या भागात नावं. पंपावर कोण, व्हायब्रेटर कुणाच्या हातात, सळईखाली अंतर राखणारे कव्हर ब्लॉक कुणी लावले, पुढचे दिवस पाणी कोण मारणार. नाव, गाव, सही किंवा अंगठा. शिवाय रोजची हजेरीही नावानिशी, त्याच वहीत.

ठेकेदारानं बाकी सगळं मान्य केलं होतं. नावांपाशी तो अडला. "ताई, दर वाढवून द्या, क्यूब दुप्पट घ्या, हे नको," असं म्हणाला. तीन बैठका झाल्या. शेवटी सोसायटीनं उपकराव्यतिरिक्त मजुरांच्या विम्याचा हप्ता स्वतःच्या अंगावर घेतला, तेव्हा तो तयार झाला. बत्तीस कुटुंबांतल्या काहींना तो खर्च फुकटचा वाटतो. दर महिन्याच्या सभेत त्यावर वाद होतो आणि पुढंही होईल.

स्लॅबवर पाणी मारायला छत्तीसगढहून आलेली एक बाई आहे. सकाळी, दुपारी, संध्याकाळी पाइप घेऊन ती वाफे भरते, कडेला माती खचली तर हातानं लिंपते. पहिल्या दिवशी नाव लिहिताना मी नुसतं नाव लिहून पुढं जायला लागले तर तिनं वहीवर हात ठेवला. नवऱ्याचं आणि गावाचंही लिहा म्हणाली. अंगठा उठवला आणि मग ते पान कोणी तरी तिला वाचून दाखवावं म्हणून थांबून राहिली. शिक्षिकाबाईंनी वाचून दाखवलं.

परवा चौथ्या स्लॅबला पाणी चालू होतं. मी वर गेले तर तिनं पाइप वाफ्यात सोडला, हात पदराला पुसले आणि विचारलं, "दीदी, मेरा नब्बे दिन कब होगा?"

मी वही उघडली आणि तिथंच कठड्याच्या सळयांना टेकून पानं उलटत मोजायला लागले. ती शेजारी उभी राहून माझ्याबरोबर मोजत होती. एकसष्ट झाले होते.